सुरुबीमिरीची कांडी

१४ ऑगस्ट २०१४, गुरुवार. नदी उतरते आहे. सकाळी चादरी धुतल्या. दुपारी ओदिलिया आली, कॉफीला नको म्हणाली. शनिवारच्या बोटीने तिची सासू मनौसहून परत येते आहे.

त्या दिवशी वहीत एवढंच लिहिलं होतं. पण ओदिलियाबद्दल कुणीतरी नीट लिहायला हवं, म्हणून उरलेलं आता लिहिते.

ओदिलिया माझी शेजारीण. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. आम्ही दोघी बारे जमातीच्या. आमची मूळ भाषा केव्हाच गेली. किनाऱ्यावरच्या तुपी लोकांची भाषा पाद्र्यांच्या होड्यांतून रियो नेग्रो नदीने वर आली, तीच आम्ही आपली म्हणून धरली; आता तिलाच जुनी भाषा म्हणतो. सिस्टरांच्या शाळेत तीही बोलायची चोरी होती. ओदिलियाने तो धडा फार मनावर घेतला. सासू लिबेराता जुन्या भाषेत विचारायची आणि ही पोर्तुगीजमधून उत्तर द्यायची. माशांची, झाडांची, कसाव्याच्या जातींची नावं मात्र तिलाही तुपीतच घ्यावी लागत. त्यांना दुसरी नावंच नाहीत.

लिबेराताचं शेत म्हणजे तिचा जीव. कसावा, म्हणजे साबुदाण्याचा कंद, खोडाच्या कांडीपासून लावतात; आमच्याकडे ती कांडी विकत नाहीत. मागेल तिला द्यायची. उद्या आपल्या शेतात मुंग्या शिरल्या तर तिच्याकडून परत मागता येते. लिबेराताने सगळ्यांना दिल्या. एक जात तिच्या आईकडून आली होती, सुरुबीमिरी. सुरुबी माशासारखे पट्टे असलेला, बारीकसा कंद, म्हणून तोवर ती कुणी मागितली नव्हती.

मनौसला उपचारांना जाताना तिने शेत सुनेच्या हाती दिलं. ओदिलियाने पहिल्याच सुट्टीत सगळे कंद उपटले, पीठ भाजलं. कांड्या झाडाखाली रचल्या. पुढच्या रविवारी लावू, म्हणाली. मग शाळेचं काम, पाहुणे, ताप. कांड्या वाळून काटक्या झाल्या, शेतात रान माजलं. घरात बाजारचं पीठ येऊ लागलं.

"ताई, आईला काय सांगू?" त्या गुरुवारी ती मला म्हणाली.

"आधी कांड्या गोळा कर. ब्रीजिदाकडे सगळ्या जाती आहेत. लिबेरातानेच दिल्यात."

ती म्हणाली, "सगळ्या नाहीत."

ब्रीजिदा नदीच्या वरच्या अंगाकडची. लग्न होऊन आली तेव्हा लिबेरातासमोर हात पसरून कांड्यांची मोळी घेऊन गेली होती. पुढे एकदा सासू घरात नसताना ती सुरुबीमिरी मागायला आली. ओदिलियाला वाटलं, ही एक जात तरी आपल्याच घरात राहू दे. तिने मुद्दाम वाळकी कांडी काढून दिली. ती फुटलीच नाही. ब्रीजिदा पुन्हा आली नाही.

शुक्रवारी मी ओदिलियाबरोबर ब्रीजिदाकडे गेले. ब्रीजिदा पीठ चाळत होती.

"या, राणीसाहेब! बाजारचं पीठ खाऊन दात दुखायला लागले वाटतं?"

"कांड्या हव्या होत्या, वहिनी."

"हो का? वाळक्या चालतील?" ब्रीजिदा मोठ्याने हसली, पण कोयता घेऊन शेताकडे वळली. ताज्या, रस गळणाऱ्या कांड्या तोडून तिने मोळी बांधली. "सुरुबीमिरी नाही हं माझ्याकडे. असती तर दिली असती."

परतीच्या वाटेवर ओदिलिया मोळी डोक्यावर घेऊन रडत होती. हात गुंतलेले, डोळे पुसता येईनात. "तिने मला नाही म्हणायला हवं होतं, ताई."

"नाही कसं म्हणेल? कांडी मागितली होतीस."

शनिवारी बोट लागली तेव्हा मीही ओदिलियाबरोबर धक्क्यावर होते. लिबेराता काठी टेकत फळीवरून उतरली. हडकली होती. सुनेच्या गालावरून हात फिरवला आणि जुन्या भाषेत पहिला प्रश्न केला, "माझी सुरुबीमिरी कशी आहे गं?"

मला वाटलं, आता ही 'चांगली आहे' म्हणणार. घरी पोचेपर्यंत तरी तसं म्हणता आलं असतं.

"गेली, आई," ओदिलिया म्हणाली. जुन्या भाषेत. अडखळत, लहान मुलीसारखी. "मी कांड्या लावल्या नाहीत. सगळ्या वाळल्या. बाकीच्या ब्रीजिदाने दिल्या. ही कुणाकडेच नाही, कारण मी तिला वाळकी दिली होती."

लिबेराताने हमालाच्या हातातलं आपलं बोचकं सुनेकडे द्यायला लावलं.

"त्या वाळक्या कांडीची भरपाई म्हणून ब्रीजिदाला काय दिलंस?"

"काही नाही."

"मग आधी तिच्याकडे जाऊ."

"आई, तुम्ही थकलात. चार शिव्या द्या, पण घरी चला."

"शिव्या खाल्ल्यास की तुझं मन हलकं होईल," म्हातारी म्हणाली. "माझ्या आईच्या कांडीचं देणं त्याने कसं फिटणार?" आणि ती ब्रीजिदाच्या घराची वाट चालू लागली. मागून ओदिलिया बोचकं घेऊन, आणि मी.  ब्रीजिदाच्या दारात लिबेराताने माफी मागायला सुनेला पुढे केलं.

मी तिथूनच परतले. तिथे माझं काम नव्हतं.

त्या संध्याकाळी वहीत लिहिलं: मीठ संपत आलं आहे. मागच्या दाराची कडी बसवून घेतली.