दोन जोड्यांतली एकेक चप्पल

आमची कारभारीण माणसाच्या तोंडाकडे बघायचीच नाही. दारात काढलेल्या चपलांकडे बघायची. जिना चढून कुणी आलं की पदराला हात पुसत बाहेर यायची, उंबऱ्यापाशी एक नजर टाकायची आणि मग त्या माणसाशी कसं बोलायचं ते ठरवायची. जोड भिंतीला लावून सरळ ठेवलेला असला तर माणूस ठीक. एक इकडे, एक तिकडे असली तर दमलेला. पण एखादी पालथी पडली आणि ती सरळ करायला माणूस वाकलाच नाही, तर ही गॅस बंद करून त्याच्याजवळ येऊन बसायची. म्हणायची, "तोंडाला खोटं बोलायची सवय असती. पायाला कुणी शिकवलेलं नसतं."

ही बाई गेल्या थंडीत गेली. सकाळी मला चहा दिला, पिशवी घेऊन बाजाराला उतरली. दुपारी मी दुकानातून धावत आलो तेव्हा गल्लीतल्या पोरांनी तिला खाली खाटेवर ठेवलेलं होतं. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. मी म्हणालो, बंद पडायला ते काय घड्याळ आहे? लोक म्हणतात, हळूहळू सवय होते. मला झालेली नाही. अजून दुकानातून आलो की चप्पल भिंतीला लावून ठेवतो. ती बघेल म्हणून.

मी सातवी शिकलेला माणूस. सांगली जिल्ह्यातला, दुष्काळी भागातला. आमच्याकडची निम्मी गावं गलाईच्या धंद्यात आहेत. जुनं सोनं-चांदी गाळायचं, तेजाबात धुऊन शुद्ध करायचं, हा आमचा धंदा. त्याच्यापायी माणसं कुठंकुठं जाऊन बसली. मी कलकत्त्याला आलो, सियालदह स्टेशनापासून चालत जाता येईल अशा सोनारांच्या गल्लीत भट्टी लावली आणि लग्न करून हिला घेऊन आलो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. खाली घरमालकीण राहायची. तिला सगळे माशीमा म्हणायचे, म्हणजे आपली मावशी. कारभारणीला तेव्हा बंगाली सोडा, हिंदीसुद्धा येत नव्हतं.

एकदा ही भाकरी द्यायला खाली गेली तर माशीमांनी दार अर्धंच उघडलं, "मोन खाराप" असं काहीतरी म्हणाल्या आणि लावून घेतलं. ही वर येऊन मला म्हणाली, "मन खराब म्हणाल्या." माझं डोकं फिरलं. भाकरी द्यायला गेलेल्या बाईचं मन खराब? मी तसाच बनियनवर खाली उतरून दार वाजवलं आणि येईल तेवढ्या हिंदीत भांडलो. माशीमांचे डोळे रडून सुजलेले होते. तरी त्या हसायला लागल्या. "अरे बाबा, उसका नहीं. मेरा. आमार मोन खाराप. तुम्हारी बहू का मन तो सोना है." मग मला खुर्चीवर बसवून संदेश, म्हणजे इथली पेढ्यासारखी मिठाई, खायला घातला. सोन्यातलं ह्यांना काय कळतं, असं मनात म्हणत मी खाल्ली.

हिला मात्र त्या शब्दानं वेड लावलं. रात्री भाकऱ्या थापताना म्हणाली, "आवो, ह्यांच्यात असं उघड म्हणता येतंय. आज माझं मन बरं न्हाई, दार लावते. कुणी रागवत न्हाई. आपल्यात बाईला तसं झालं तर तिला डोकं दुखतंय म्हणावं लागतं. आन् गड्यांना तर तेवढंबी न्हाई. गडी निस्ता ताट ढकलतो." शेवटचं मला होतं. मी ताट ओढून घेतलं.

तेव्हापासून आमच्या घरात तो शब्द चालू झाला. त्याचे नियम तिनंच केले. ज्याचं मोन खाराप त्याला का म्हणून विचारायचं नाही. एकटं सोडायचं नाही. आणि हाताला काम द्यायचं. काम ठरलेलं, केळफूल सोलायचं. इथं केळफुलाची भाजी फार खातात आणि ते साफ करणं म्हणजे शिक्षा. लाल पानं एकेक उचलायची, आतली फुलं काढायची, प्रत्येक फुलातली कडक काडी आणि पापुद्रा वेगळा करायचा. चिकानं हात काळे होतात म्हणून आधी तेल लावायचं. पोरगा संतोष शाळेत नापास झाला तेव्हा असाच बसला होता तिच्यासमोर. ती म्हणायची, "अर्धं फूल होईस्तवर माणूस गप असतो. मग आपसूक बोलतो."

बदली होऊन आलेल्या एका बँकेच्या साहेबाची बायको गणपतीत आमच्याकडं आली होती. शिकलेली, सारखी हसणारी. हिनं दारात बघितलं आणि तिला आत घेऊन गेली.

"वहिनी, मी अगदी मजेत आहे हो," ती बाई म्हणाली.

"असाल की. एवढं केळफूल घ्या, मला एकटीला उरकत न्हाई."

थोड्या वेळानं आतून रडण्याचा आवाज आला. साहेब माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणालो, अर्धं फूल झालं वाटतं. त्याला काही कळलं नाही.

आता तिची एक गंमत सांगतो. ही गंमत मी दुकानात, गावाकडं, लग्नाकार्यात इतक्या वेळा सांगितली आहे की आमच्या माणसांना पाठ आहे. एका सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो तर बायको घरात नाही. दारात माझी एक कोल्हापुरी आणि तिची एक रबरी चप्पल. म्हणजे ही एका पायात माझी, एका पायात तिची घालून गेलेली. दुकानाला जायचं तर मी कसा जाणार? बसून राहिलो. बऱ्याच वेळानं आली, हातात केळफूल, पायाच्या अंगठ्याला ठेच लागून रक्त आलेलं. मी म्हणालो, कुठं उलथली होतीस? म्हणाली, "बाजारात केळफुलं चांगली आलीत म्हणाले. संपतील म्हणून पळाले." मी इतका हसलो की मला ठसका लागला. केळफुलासाठी नवऱ्याची चप्पल पळवणारी बाई. मी सांगायचो, सगळे हसायचे, आणि तीसुद्धा तोंडाला पदर लावून हसायची.

तेराव्याची पाहुणेमंडळी गावाकडं गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. संतोष चांगल्या नोकरीत आहे, कंप्युटरवर. लग्न झालेलं नाही. स्थळं यायची, ही नको म्हणायची. मला वाटायचं, हिला घरात सून नको. त्या सकाळी तो पाण्याचा पेला घेऊन माझ्यासमोर बसला. त्याचं मराठी इथं वाढलेल्या पोरांसारखंच आहे, जरा अडखळत.

"आप्पा, तुमच्यासमोर एक गोळी खायची आहे."

"खा की. डोकं दुखतंय?"

"डोकं नाही. मोन. ही रोज असते. आई द्यायची."

"रोज? कधीपासून?"

"आईसोबत डॉक्टरकडे जायचो ना, तेव्हापासून."

"ते दातांसाठी जायचास तू. मी गोड बंद केलं होतं तुझं."

"माझे दात चांगले आहेत, आप्पा."

मी त्याच्या तोंडाकडं बघत बसलो. महिन्याच्या महिन्याला ही दोघं जायची, आणि ह्या वयात ह्याचे दात किती किडलेत म्हणून मी दुकानात सांगत सुटलो होतो. दसऱ्याला जिलेबीसुद्धा त्याला खाऊ दिली नव्हती.

मग तो म्हणाला, "तुम्ही ती गोष्ट सांगता ना, केळफुलाची. चप्पलची. त्या दिवशी मी सियालदहला उभा होता. ऑफिसची गाडी आली, गेली. दुसरी आली. मी चढायला उभा नव्हता, आप्पा."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"मग आईला फोन केला. एवढंच बोललो, आई, मोन खाराप. तिनं काही विचारलं नाही. म्हणाली, तिकीटघरापाशी ये आणि फोन बंद करू नको, मी निघाले. पूर्ण रस्ता ती बोलत होती. भाजी काय आणू, भात मऊ करू का. मला तिचा श्वास ऐकू येत होता. आली तेव्हा तिच्या पायात तुमची चप्पल होती."

येताना तिनं केळफूल घेतलं. त्याला खाली माशीमांकडं बसवलं, अर्धं फूल होईपर्यंत जवळ बसली, मग उरलेलं फूल घेऊन वर आली आणि हसून मला लागलेला ठसका जाईपर्यंत माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

आमच्या धंद्यात तेजाबाचा थेंब हातावर उडाला तर आधी काहीच कळत नाही. माणूस काम करत राहतो. जळायला मागाहून लागतं. संतोष ऑफिसला गेला आणि मी तिथंच बसून राहिलो. सगळ्या मांडवात ती गोष्ट सांगत होतो मी, आणि कोपऱ्यात पोरगा बसलेला असायचा, आणि ही हसायची. कशी हसायची ती? मला अजून कळत नाही. पोरानं शपथ घातली होती, आप्पांना सांगू नको. तिनं पाळली. सोनं भट्टीत घातलं की सगळं बाहेर येतं, असं मी आयुष्यभर सांगत आलो. ह्या बाईच्या पोटातून एक शब्द बाहेर आला नाही.

मी खाली गेलो. माशीमा आता अंथरुणालाच आहेत. विचारलं, "तुमको मालूम था?"

"था."

"वो सबका देखती थी. उसका कौन देखता था?"

माशीमा म्हणाल्या, "रोज दोपहर को आती थी. यहीं जमीन पर बैठती थी. बोलती थी, माशीमा, आमार मोन खाराप. मैं कुछ नहीं पूछती थी." मग म्हणाल्या, "डॉक्टर बोला है, घर में किसी को मालूम होना चाहिए. अब तो तुम ही हो, बाबा."

मीच. ज्याला तोंडावरून कळत नाही आणि चपलेवरून तर त्याहून नाही.

तेव्हापासून मी दुकान लवकर बंद करतो आणि दाराकडं कान लावून बसतो. बरेच दिवस बूट सरळ होते. एका संध्याकाळी संतोष आला, सरळ आतल्या खोलीत गेला. मी जाऊन बघितलं. एक बूट पालथा. तो तसाच टाकून गेलेला. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडून केळफूल आणलं, वर्तमानपत्र पसरलं, तेलाची बाटली ठेवली आणि त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. का म्हणून विचारायचं नाही हे ठाऊक होतं. पण मग बोलायचं काय, ते तिनं मला शिकवलं नव्हतं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"संतोष, माझं मोन खाराप आहे रे."

आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो. तो उठला, माझ्याकडं बघितलं, बाहेर येऊन वर्तमानपत्रापाशी बसला.

"आप्पा, आधी हाताला तेल लावा. नाहीतर काळे होतात."

"तेजाबानं आधीच झालेत."

तरी त्यानं बाटली पुढं केली. काडी कशी ओढायची ते दाखवलं. मला जमेना, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. अर्धं फूल झालं. मग तो बोलायला लागला आणि मी ऐकलं. काय बोलला ते त्याचं आहे, ते लिहीत नाही.

भाजी मी केली. निम्म्या काड्या तशाच राहिलेल्या. जेवताना एकेक दाताखाली यायची, दोघंही काढून ताटाच्या कडेला ठेवत होतो. संतोष म्हणाला, "आप्पा, आता मला खरंच दाताच्या डॉक्टरकडे न्यायला लागणार."

"नेतो," मी म्हणालो. "दोन्हीकडं मीच नेतो."