ताफ्याच्या दिवशी पाणी नाही

"मूत्रवाहिनीत खडा अडकलाय, वर किडनीत पू साचलाय," डॉक्टर म्हणाले. हडपसरच्या रुग्णालयात माझी ताई थंडीतापाने कुडकुडत पडली होती. आजाराचं नाव पायलोनेफ्रायटिस, म्हणजे मूत्रपिंडाला झालेला जंतुसंसर्ग. ताई सीमेवर, जिथे रोज गोळीबार चालतो तिथे, जवान आहे.

सुट्टीवर पुण्याजवळ मांजरी गावात घरी आली तेव्हाच पाठ दुखत होती. "बॅग उचलून दुखतेय," म्हणाली. आम्ही मानलं. बंदूक घेऊन उभी राहणारी बाई, तिला पाठदुखीचं काय विचारायचं! तुम्ही विचारा. पाठीत एका बाजूला दुखणं, हुडहुडी भरून ताप, लघवीला जळजळ. हे एकत्र दिसलं की थांबू नका.

त्याच दुपारी डीजे स्टेंट घातला. नावाला हसू नका. ही बारीक नळी खड्याच्या बाजूने लघवीला वाट करून देते. मग सलाईन, अँटिबायोटिक आणि रोज क्रिएटिनिन. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. मूत्रपिंड चाललं तर तो बाहेर पडतो. ताईचं वाढलेलं होतं. सकाळी रक्त द्यायचं आणि रिपोर्टची वाट बघत बसायचं. वेटिंग रूमच्या टीव्हीवर सीमेवरच्या बातम्या चालू, आवाज बंद.

"पाणी किती पिता?" डॉक्टरांनी विचारलं.

"भरपूर. चार लिटर."

"अहो, चार लिटर पिणाऱ्याची लघवी कोऱ्या चहासारखी नसते. खोटंच बोलायचं तर रिपोर्ट यायच्या आधी बोलावं."

ते गेल्यावर ताईने मला खरं सांगितलं. लष्करी गाड्यांचा ताफा जायच्या आधी त्यांची तुकडी रस्ता सुरुंगांसाठी तपासते आणि शेवटची गाडी जाईपर्यंत तिथेच उभी राहते. लघवीला पुरुष पाठ फिरवतात, झालं. बायकांनी झुडपात जायचं नाही, कारण झुडपं तपासलेली नसतात. म्हणून आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. नवी मुलगी आली की जुन्या मुली तिला आधी हे शिकवतात.

माझं डोकंच फिरलं. पुण्यात बायकांच्या स्वच्छतागृहांसाठी मी चौकाचौकांत पत्रकं वाटते, आणि घरात हे!

"डॉक्टरांना सांग," मी म्हणाले.

"म्हणजे? बायकांना झेपत नाही म्हणून आम्हाला सगळ्यांना ऑफिसात बसवतील. तुझं पत्रक छापून होईल गं. माझ्या पोरींनी काय फायली लावायच्या?"



क्रिएटिनिन उतरायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "मूत्रपिंड वाचलं. कारण लपवलंत तर पुढच्या खेपेला दुसरं घेऊन याल." ताईने खिडकीकडे तोंड केलं.

मग तिच्या तुकडीतल्या नव्या मुलीचा फोन आला. स्पीकरवर होता. "दीदी, कब आओगी? मेरी भी पीठ में दर्द है. बुखार भी. लेकिन कल काफिला है, पानी नहीं पी रही. आपने सिखाया था न."

ताई ताठ बसली. "अभी पानी पी. डॉक्टर के पास जा, और सच बोल. मेरा ऑर्डर समझ."

दुसऱ्या दिवशी राउंडला तिनेच तोंड उघडलं. "सर, मी पाणी पीत नव्हते. ड्यूटीवर बायकांसाठी आडोसा नाही. कारण तेच लिहा. मी बाई आहे हे कारण नाही."

"आडोसा आमच्या औषधांच्या दुकानात मिळत नाही," डॉक्टर म्हणाले, "पण लिहितो." आणि लिहिलं. त्यांचे आभार इथेच मानते.

खडा काढून झाला, स्टेंटही निघाला. ताई परत त्याच रस्त्यावर जाणार आहे. निघताना मला म्हणाली, "छाप आता तुझं पत्रक. पण कीव नको, मागणी लिही. घडीचा तंबू, ट्रकच्या मागे मावेल एवढा."

हे ते पत्रक आहे. वाचून झालं असेल तर आता एक ग्लास पाणी प्या.