लुबागवाल्यांची मेरेंग

तालिसायनच्या किनाऱ्यावर कुणाचं लग्न जमायला लागलं की दोन्हीकडची माणसं पाद्र्याच्या आधी मेरेंगच्या दारात जायची. तिचं खरं नाव एमेरेन्सियाना, पण ते फक्त मतदार यादीत. गावच्या दवाखान्यात बाळं तोलायची आणि गरोदर बायांना गोळ्या द्यायच्या, हे तिचं काम. पण नवरीच्या आजीचा भाऊ वाकडा झाला होता का, मामा कशानं गेला, हे सबंध पनाय बेटावर तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

दुखणं तिथलंच, मातीतलं. चाळिशीच्या आसपास धडधाकट गड्याचा पाय आत वळायला लागतो. मग मान, मग जबडा. धुणं पिळावं तसा माणूस पिळत जातो, म्हणून नाव लुबाग. धरतो गड्यांना आणि येतो आयांकडून. आया मात्र ठणठणीत असतात, पोरांना खाऊ घालतात आणि पुढं त्यांनाच उचलून बसवतात.

लग्नाचं विचारायला आलेल्यांना मेरेंग सगळं खरं सांगायची आणि वर म्हणायची, "आता लगीन मोडायचं असंल तर मोडा. पर माज्या नावावर मोडू नगा. धा वर्सं दारू पिऊन बायकूला बडवणारा जावई तुमी डोळं झाकून करता, आन् चाळीस वर्सं सरळ चालणारा तुमास्नी नगं हाय व्हय?" बहुतेक लग्नं व्हायची. जेवणावळीत डुकराचा पहिला कुरकुरीत कान तिच्या ताटात पडायचा.

वीसेक वर्षांमागं शहरातनं डॉक्टर वह्या घेऊन पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी घरोघर गड्यांची आडनावं लिहिली, बापांची नावं लिहिली, आणि महिनाभरानं त्यांचा सगळा तक्ता गुंतलेल्या जाळ्यासारखा झाला. मेरेंग तो बघायला गेली. कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली.

"बापाचं नाव कशापायी इचारता?" ती म्हणाली. "बाप ह्यात नुसता पावणा हाय. आई कुटली, तिची आई कुटली, त्ये इचारा."

मग तिनं जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर स्वतः लिहायला घेतलं. अकरा पानं भाताच्या खळीनं चिकटवून चर्चच्या फरशीवर पसरली, तेव्हा मोठमोठे डॉक्टर बूट काढून मोज्यांवर त्याभोवती फिरले. सहा पिढ्या, सगळ्या बायकांच्या वाटेनं आलेल्या. तेव्हापासून तिच्याशिवाय कुठलीही डॉक्टरांची गाडी गावात शिरली नाही. रक्त द्यायला जे बिचकायचे त्यांना ती म्हणायची, "डास रोज घेऊन जातोय, त्येला कदी नाव इचारलंस? ही डॉक्टरं निदान इचारून घेत्यात."

एका वर्षी इलोइलोहून डॉक्टर तेवेस आल्या. तरुण बाई, बोलायला गोड, कामाला कडक. नव्या औषधाची परीक्षा घ्यायची होती आणि त्यासाठी जिल्ह्यातून फक्त दहा गडी निवडायचे होते. अट अशी, की पीळ अगदी थोडा नको आणि अंथरूण धरलेला माणूसही नको. डॉक्टरबाई घरी येऊन चालणं, बोलणं, लिहिणं बघणार, चित्रफीत घेणार, गुण देणार.

मेरेंगचा धाकटा भाऊ इसिमो चव्वेचाळीसचा होता. खाडीत बांबूचे तराफे बांधून कालवं वाढवायचा. त्याचा पाय तीन वर्षांपासून वळत होता. सरळ चालताना पडायचा, पण मागं मागं चालताना पाय कसा कुणास ठाऊक शहाण्यासारखा वागायचा. म्हणून तो तराफ्यापर्यंत उलटा जायचा. शेजारी म्हणायचे, "इसिमो, तू निगालायस का परत आलायस, त्येवडं सांगून ठेव." तो म्हणायचा, "तुजी बायकू कुनीकडं हाय त्ये बगून ठरवतो."

थोरला भाऊ कोन्सिंग नऊ वर्षांमागं ह्याच दुखण्यानं गेला होता. शेवटी शेवटी त्याला पाणीही गिळवत नव्हतं. आता इसिमोचाही घास मध्येच अडायला लागला होता. मेरेंगनं आजवर दुसऱ्यांच्या घरची शंभर नावं डॉक्टरांना दिली होती. ह्या खेपेला तिला एकच नाव त्या दहांत हवं होतं.

डॉक्टरबाई तिला मानांग, म्हणजे थोरली बहीण, म्हणायच्या. त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, "मानांग मेरेंग, तुम्ही सख्खी बहीण. तपासणी चालू असताना तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. बोललात तर मला त्याचं नाव काढावं लागेल."

इसिमोची बायको डेलिंग. तिला कळलं की पाहुणे येणार आणि चित्रफीत निघणार. दोन दिवस तिनं घर घासलं. पडदे धुतले. नवऱ्याची दाढी स्वतः केली, केसांना खोबरेल चोपडलं, लग्नातला पांढरा शर्ट घातला. आणि इसिमोनं दातांत पेरूची हिरवी काडी धरली.

ही काडी त्याची त्यानंच शोधलेली होती. दातांत ती असली आणि डावा हात सहज मानेवर ठेवला, की जबडा जागेवर बसायचा, मानेचा पीळ तासभर तरी थांबायचा. तालिसायनमध्ये असल्या युक्त्या प्रत्येक लुबागवाल्याकडं होत्या. कुणी कानाची पाळी धरायचा, कुणी टोपी कपाळावर ओढायचा. परक्यासमोर वाकडं दिसायचं नाही ही तिथली रीतच, आणि पाहुणा जितका मोठा तितकी काडी घट्ट.

मेरेंग डॉक्टरबाईंना घेऊन घरात शिरली आणि भावाला बघून दारातच थबकली. देवघरातला संत जोसेफ बसवावा तसा तो बसला होता.

"चालून दाखवा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

इसिमो डेलिंगच्या खांद्यावर हात ठेवून, जणू लाडानंच, दारापर्यंत जाऊन आला. लिहायला सांगितलं, त्यानं नाव लिहिलं. कसं वाटतं विचारलं, तर काडी दातांतच ठेवून म्हणाला, "झ्याक हाय."

डेलिंग कौतुकानं बघत होती. मेरेंग भिंतीला टेकून उभी राहिली आणि ओठ इतके आवळले की पांढरे पडले. डॉक्टरबाईंनी कागदावर गुण मांडले, अटीपेक्षा कमी भरले तशी नकारार्थी मान हलवली आणि बाहेर आल्या.

अंगणात मेरेंगनं त्यांची बाही धरली. "तपासणी झाली न्हवं? आता बोलू का?"

"बोला."

"त्यो लबाडी करतोय. म्हंजी लबाडी न्हाई, शिष्टाचार करतोय. त्येच्या तोंडातली काडी बगितली न्हाई तुमी? ती काडलीसा तर सगळा पीळ भाईर यील."

"मानांग, मला जे दिसलं तेच मी लिहू शकते. त्याच्या तोंडातली वस्तू मी हिसकावून घेऊ का? आणि आत जाऊन तुम्ही सांगितलंत, तर तो मुद्दाम जास्त वाकडा होईल. मला चांगलं नकोय, वाईट नकोय, खरं हवंय."

मेरेंगनं क्षणभर विचार केला. स्वयंपाकघरातून वास येत होता, तुरीचे दाणे, डुकराचं मटण, कच्चा फणस, वरून बातवान नावाच्या फळाचा आंबट.

"मग खरं हुईस्तवर बसा की," ती म्हणाली. "दुपार झालीया. न जेवता गेलात तर डेलिंग मला जन्मभर शिव्या दील."

डॉक्टरबाईंनी घड्याळाकडं बघितलं, मग मेरेंगकडं, आणि चपला काढल्या.

आता घरच्या यजमानानं पाहुण्याला जेवा म्हणायचं असतं, आणि तोंडात लाकूड धरून कुणी जेवा म्हणत नाही. इसिमोनं दोनदा हातानं खूण केली. डेलिंग त्याच्याकडं बघत राहिली. शेवटी त्यानं काडी काढून खिशात ठेवली.

"जेवा, डॉक्टर," तो म्हणाला, आणि दुसऱ्या शब्दाला जबडा एका बाजूला गेला. पळी उचलली, डॉक्टरबाईंच्या ताटात रस्सा वाढायला गेला, तर मान खांद्याकडं वळली आणि रस्सा पांढऱ्या शर्टावर, टेबलावर, थोडा डेलिंगच्या कोपरावर. पाय खाली टेबलाच्या पायाला लाथा घालायला लागला. भांडी नाचली.

डेलिंग फडकं घेऊन उठली. इसिमो खाली बघत होता, जितकं खाली बघता येईल तितकं.

डॉक्टरबाईंनी आपलं ताट पुढं केलं. "मला मटणाचा तुकडा आला नाही अजून."

इसिमोनं वर बघितलं. त्यानं पुन्हा पळी बुडवली. ह्या खेपेला तुकडा ताटात पडला, फणस मात्र मेरेंगच्या मांडीवर.

"आगाई," मेरेंग म्हणाली, "इसिमो, म्या काय पाप क्येलं?"

त्याच्या छातीतून हसू निघालं. पिळलेल्या जबड्यातनं ते वेडंवाकडं बाहेर आलं, पण आलं. मग डेलिंग हसली, फडकं तोंडाला लावून. "दोन दिस घासलं घर म्या," ती म्हणाली, "ह्येच्यासाटी."

"डॉक्टर," इसिमो अडखळत म्हणाला, "तुमचं यंत्र काडा. आता बगितलंच हाय तर नीट बगा. पर ह्या बाजूनं घ्या. ह्या बाजूनं मी जरा देखणा हाय."

"मुद्दाम काही करायचं नाही."

"मुद्दाम क्येलं असतं तर तुमच्या ताटात पडलं असतं काय?"

चित्रफितीचं यंत्र चालू झालं. तो जेवला, बोलला, दारापर्यंत गेला आणि दोनदा पडता पडता राहिला. मग न सांगता उलटा चालत परत आला, सरळ, डुलत, जवळजवळ नाचतच. डॉक्टरबाई लिहायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "हे परत एकदा दाखवा." त्यानं चार वेळा दाखवलं. पाचव्यांदा डेलिंगला हाताशी धरून.

पहिला कागद डॉक्टरबाईंनी फाडला नाही. दुसरा त्याच्यामागं टाचला आणि दोन्हींवर काय काय झालं ते सविस्तर लिहिलं. मग समजावून सांगितलं, की दहांतल्या पाच जणांना खरं औषध मिळेल, पाच जणांना रिकामी गोळी, आणि कुणाला काय मिळालं ते वर्ष सरेपर्यंत खुद्द डॉक्टरबाईंनासुद्धा कळणार नाही.

इसिमोनं विचार केला. "म्हंजी तुमी बी काडी धरून बसणार वर्सभर."

डॉक्टरबाई त्यावर इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला आणि मेरेंगनं त्यांच्या पाठीवर दोन धपाटे घातले.

तीन आठवड्यांनी यादी लागली. दहांत इसिमो सातवा. रोहास शहरातल्या दवाखान्यात न्यायला एक जीपनी, लांब बाकांची भाड्याची गाडी, ठरवली होती, आणि दहाही गडी त्या एकाच गाडीत. बाकांवर समोरासमोर बसले तर लाथा बसत होत्या, शेजारी बसले तर कोपरं. गाडीवाला अर्ध्या वाटेत थांबून म्हणाला, "कोण पाठीवर बुक्क्या मारतंय?" आठ जणांनी एकदम हात वर केले, त्यातले तीन आपोआप वर गेले होते.

दवाखान्यात परिचारिकेनं इसिमोच्या हातावर गोळी ठेवली. तो ती उजेडात धरून निरखायला लागला.

"काय बगतोस?" मेरेंग म्हणाली.

"खरी दिसतीया."

"गिळ मुकाट्यानं."

पहिल्या घोटाला गोळी अडली. त्यानं मान खाली घातली, थांबला, दुसरा घोट घेतला. गेली. मेरेंगनं त्याच्या हातातला पेला काढून घेतला आणि डॉक्टर तेवेसकडं वळली.

"बाई, ह्ये दहा झाले. पुढच्या खेपेला किती घेनार?"

"अजून ठरलं नाही, मानांग."

"ठरवा. माज्याकडं एक्केचाळीस नावं हायेत," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून त्यांच्या टेबलाशी बसली.