मागचे दोन पाय

फॅबमध्ये माणसं डोळ्यांवरून ओळखावी लागतात. चिप बनवायच्या त्या कारखान्यात आम्ही सगळे नखशिखांत पांढऱ्या सूटमध्ये असायचो: टोपी, मास्क, दुहेरी हातमोजे. अमेरिकेत चँडलरला नोकरी लागून मला चार महिने झाले होते, तरी माझ्या शिफ्टमधल्या एका टेक्निशियन बाईंचा चेहरा मी पाहिला नव्हता. त्यांचे निळसर डोळे ओळखीचे होते, घोगरा आवाज ओळखीचा होता. त्यांच्या उजव्या हातमोज्याचा अंगठा मात्र नेहमी अर्ध्यात दुमडून टेपने चिकटवलेला असायचा, तो का, हे विचारायचा धीर झाला नव्हता.

एकदा शिफ्ट संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत आम्ही शेजारी आलो. साठीच्या बाई, उन्हाने रापलेल्या, करड्या केसांची वेणी. अंगठ्याचं वरचं पेर नव्हतंच. माझी नजर तिथे अडकलेली त्यांनी पाहिली.

"दोराने नेलं," त्या म्हणाल्या. "टीम रोपिंगमध्ये."

"म्हणजे?"

"दोन घोडेस्वार आणि एक गोऱ्हा. पुढचा स्वार त्याच्या शिंगांत फास टाकून त्याला वळवतो, मागचा त्याचे मागचे दोन पाय पकडतो. पकडलं की खोगिराच्या पुढच्या खुंटाला दोराचा वेढा द्यायचा, झटकन. त्या वेढ्यात माझा अंगठा सापडला."

"मग खेळ सोडलात?"

"शनिवारी आहे. येतेस बघायला?"

मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते. नागपुरात वाढलेली. घोड्यावर बसले होते ते एकदाच, महाबळेश्वरला, आणि तेही घोडेवाल्याने लगाम धरलेला. शनिवारी मी गेले ती केवळ सुट्टीच्या दिवशी करण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून. गावाबाहेर पत्र्याच्या शेडजवळ एक धुळीचं रिंगण होतं. टोप्या, बूट, मोठमोठ्या गाड्या, यातलं काही मला फारसं भावलं नाही. पण बाईंच्या पार्टनरने शिंगं पकडून गोऱ्हा डावीकडे वळवला, गोऱ्ह्याचे मागचे दोन्ही पाय क्षणभर एकदम उचलले गेले, आणि नेमक्या त्याच क्षणी बाईंचा फास त्या पायांसमोर उभा होता. पाय आपणहून त्यात शिरले. मला श्वास घ्यायचं भान राहिलं नाही.

"मला हे शिकायचंय," मी म्हटलं.

"घोड्यावर बसता येतं?"

"नाही."

"दोर कधी धरलायस?"

"नाही."

त्यांनी माझ्या हातातल्या कॉफीच्या कपाकडे पाहिलं. "डावखुरी आहेस?"

"हो."

त्यांनी सुस्कारा सोडला. "गोऱ्हा नेहमी डावीकडेच वळवतात. सगळा खेळ उजव्या हाताचा आहे. उजवा हात तयार कर, मग बोलू."

उजव्या हाताने मी जन्मात एकच काम केलं होतं, जेवायचं. लहानपणी डावा हात ताटाकडे गेला की आई चापट द्यायची, म्हणून. लिहिणं, कात्री, बॅडमिंटन, सगळं डाव्याने. बाईंनी दिलेला जुना दोर आणि गोऱ्ह्याच्या मागच्या पायांसारखे दोन पाय असलेला एक लाकडी सांगाडा मी अपार्टमेंटमागच्या मोकळ्या पार्किंगमध्ये मांडला आणि सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात फास सांगाड्यापर्यंत पोचलाच नाही. माझ्याच डोक्यात, कानात, एकदा शेजाऱ्याच्या गाडीच्या आरशात अडकला. आमच्या शिफ्टा बारा तासांच्या, पण आठवड्यात तीन-चार दिवस सुट्टी. सुट्टीच्या दिवशी रोज शंभर फेकी. मनगट सुजलं की बर्फ लावायचा आणि उरलेल्या पुऱ्या करायच्या.

मुलाकडे सहा महिने राहायला आलेले पुण्याचे एक काका संध्याकाळी तिथे फेऱ्या मारायचे. चार-पाच दिवस त्यांनी नुसतं पाहिलं. मग थांबले.

"हे तुमच्या नोकरीचंच काही आहे का गं?"

"नाही काका. छंद आहे."

"छंद इतकं रागावून करतात होय?"

मला हसू आलं. पण काकांचं बरोबर होतं. हात ऐकत नव्हता आणि मी त्याच्यावर मनापासून रागावले होते.

तिसऱ्या महिन्यात मी बाईंसमोर लागोपाठ दहा वेळा सांगाड्याचे पाय पकडून दाखवले. त्यांनी तबेल्यातून फावडं आणून माझ्या हातात दिलं. लीद काढायची, पाणी भरायचं, आणि त्याबदल्यात त्या शिकवणार, असं ठरलं. त्यांचा एकोणीस वर्षांचा म्हातारा घोडा मला मिळाला. त्याला हा खेळ माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळत होता. मी तीनदा पडले. तिन्ही वेळा तो जागेवर थांबून माझी वाट बघत राहिला.

उन्हाळ्यात आम्ही पहाटे पाचला सराव करायचो, कारण आठनंतर रिंगणात उभं राहवत नसे. अशाच एका सकाळी मी पहिल्यांदा जिवंत गोऱ्ह्याचा एक पाय पकडला. आनंदाच्या भरात वेढा द्यायचं विसरले आणि दोर नुसताच मुठीत घट्ट धरून राहिले. तो सरसर निघून गेला आणि जाताना तळहाताची साल घेऊन गेला.

बाई घोड्यावरून उतरल्या. पहिल्यांदाच चिडलेल्या दिसल्या. "वेढा बसला नाही तर सोडायचं! समजलं? सोडता येत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस."

"सोडीन," मी म्हटलं. "पण उद्या येणार."

त्या आठवड्यात फॅबमध्ये हातमोज्यांच्या आत तळहात आगीसारखा पेटायचा. आईने व्हिडिओ कॉलवर पट्टी पाहिली आणि सगळं सांगावं लागलं.

"आपण पोळ्याला बैलांची पूजा करतो," ती म्हणाली, "आणि तू त्यांना दोराने पकडतेस?"

मी सांगितलं, की शिंगांना जाड पट्ट्या बांधतात, दोर लगेच सैल करतात. तिला ते पटलं नाही. मलाही पूर्ण पटलं होतं असं नाही. पण त्यानंतर प्रत्येक फेरीनंतर गोऱ्हा नीट चालत परत जातो ना, हे पाहिल्याशिवाय मी घोडा वळवला नाही. एकदा एक लंगडताना दिसला तेव्हा मी तोंड उघडलं, आणि त्या दिवशी त्याला पुन्हा रिंगणात सोडलं नाही.

हिवाळ्यात आम्ही स्पर्धेत नाव दिलं. बाईंनी माझ्यासाठी आपली जागा बदलली. त्या पुढे, मी मागे. पहिल्या वेळी माझा फास रिकामा आला. दुसऱ्या वेळी, तिसऱ्या वेळीही. बाई दर वेळी शिंगं अचूक पकडायच्या आणि दर वेळी माझ्यामुळे आम्ही बाद व्हायचो. सहाव्यांदा मी म्हटलं, "तुम्ही दुसरा पार्टनर घ्या. तुमचा सीझन वाया जातोय."

"माझा सीझन काय करायचा ते मी बघेन," त्या म्हणाल्या. "तू गोऱ्ह्याकडे बघतेस. त्याच्या पायांकडे बघ."

आठव्या वेळी मी दुसरं काही पाहिलंच नाही. फक्त चार खूर आणि धूळ. बाई डावीकडे वळल्या, पाय उचलले गेले, मी फास टाकला, वेढा दिला, अंगठा वर ठेवला. दोर ताठ झाला. वेळ थांबवणारं पंचाचं निशाण खाली आलं.

"एकच पाय!" माइकवरून आवाज आला. "पाच सेकंदांचा दंड!"

ज्यांनी पकडलं त्यांच्यात आमचा नंबर शेवटचा लागला. पण बोर्डावर आमच्या नावापुढे पहिल्यांदाच वेळ लिहिली गेली. मी दोर गुंडाळत होते. बाई घोडा शेजारी आणून थांबल्या.

"दुसरा पाय कुठे गेला?"

"निसटला."

"पुढचं रोपिंग दोन आठवड्यांनी आहे. नाव देऊ?"

"द्या," मी म्हटलं.

दोन्ही पाय मिळायला मला त्यानंतर अजून चार महिने लागले. त्या दिवशी बाईंनी घोड्यावरूनच वाकून माझ्या पाठीत असा धपाटा घातला, की मी पुन्हा एकदा पडता पडता राहिले.