दाराजवळचा बोरा

“मधू, लक्ष कुठंय तुझं? जा, तिच्याजवळ बस.”

ती म्हणजे मी. महाल भागातली शाळा, तिसरीचा वर्ग. मधू पाटी घेऊन उठला आणि रडायलाच लागला. पोरं खुदूखुदू हसली. तो माझ्यापाशी आला, पण माझ्या बोऱ्यावर बसला नाही. शेजारी फरशीवरच टेकला, अंग चोरून.

बाकीचे सगळे लांब टाटपट्टीवर बसत. मी दाराजवळ, चपलांच्या शेजारी, घरून आणलेल्या गोणपाटाच्या बोऱ्यावर. पहिल्याच दिवशी बाईंनी मला तिथं बसवलं होतं. गोड आवाजात म्हणाल्या होत्या, “तुझा आवाज खणखणीत आहे. लांब बसलीस तरी मला ऐकू येतो.” घरी जाऊन मी हे आईला तीनदा सांगितलं. आई विड्या वळत होती. ती वळतच राहिली.

मला वाटायचं, मी हुशार म्हणून बाई पोरांना माझ्याकडे पाठवतात. भोळी होते. भोळी कसली, मूर्ख! मधू रडतोय तो दोस्तापासून दूर बसवलं म्हणून, असं समजून मी त्याला पाच चिंचोके दिले. ही माझी युक्ती. बाईंनी काही नवीन सांगितलं की एक चिंचोका उजवीकडे सरकवायचा. पाचही सरकले की त्या पाच गोष्टी मनातल्या मनात म्हणून बघायच्या. विड्यांचे कट्टे बांधताना लक्ष उडू नये म्हणून आई असेच चिंचोके सरकवायची. तिच्याकडूनच मी शिकले.

पहिल्या दिवशी मधूचे दोनच सरकले. तिसऱ्या दिवशी पाच. वजाबाकीतला हातचा त्याला तेव्हा समजला. मग बाईंनी त्याला परत टाटपट्टीवर बोलावलं आणि दुसऱ्या कोणाला तरी माझ्याकडे धाडलं. वर्षभर हेच. पोरं येताना रडत यायची, जाताना त्यांना गणित येत असायचं. बाई छडी हातात धरत नसत, ओरडत नसत. महालात त्यांचं मोठं नाव होतं. माझा तर जीव होता त्यांच्यावर.

एक दिवस तपासणीला साहेब आले. वर्ग चिडीचूप.

“बाई, छडी नाही, आरडाओरड नाही. मुलं इतकं लक्ष देतात कशी?”

मी ताठ बसले. आता बाई माझं नाव घेणार.

बाई हसल्या. माझ्याकडे बोट केलं. “ती दाराजवळची आहे ना, साहेब. जो लक्ष देत नाही त्याला तिच्याजवळ बसवते. मग घरी गेल्यावर आंघोळ केल्याशिवाय आई आत घेत नाही. लक्ष बरोबर येतं ताळ्यावर.”

साहेब हसले. वहीत काहीतरी लिहिलं.

बाई काही कुजबुजल्या नव्हत्या. मी तिथंच बसून ऐकतेय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मला आधी काही कळेना. मग एकेक उलगडत गेलं. मधूचं अंग चोरणं. पाटीला माझा हात लागला की पोरींचं दचकणं. आमच्या वस्तीनं धर्म बदलून जुनी जात टाकून दिली होती. शाळेच्या रजिस्टरात आणि बाईंच्या डोक्यात ती जागच्या जागी होती. छडी लागत नव्हती, कारण छडी मीच होते. आणि त्या छडीनं वर्षभर त्यांच्यावर माया केली.

साहेब गेले. तासाभरानं तोच गोड आवाज. “शकू, जा, तिच्याजवळ बस.”

मी उठले.

“मी सजा नाही, बाई.”

बोरा तिथंच टाकला. पाटी घेतली आणि टाटपट्टीच्या मधोमध जाऊन बसले. दोन्हीकडच्या पोरी झटकन सरकल्या.

“जागेवर जा.”

“माही जागा इथंच आहे.”

बाईंनी मला मारलं नाही. मारायला हात लावावा लागला असता. त्या दिवशी त्यांनी पुढं शिकवलंच नाही.

घरी आईनं विचारलं, “बोरा कुठी आहे वं?” मी सगळं सांगितलं. तिचा हात थांबला.

“मले माहीत होतं. तू खुशीत जात होती शाळेत, म्हून नाही सांगतलं.”

बाईंपेक्षा मला हे जास्त लागलं. रात्री मी तिच्याकडे पाठ करून झोपले. सकाळी वेणी घालताना तीच म्हणाली, “बसली ना तिथं? आता उठू नको.”

नाही उठले. वर्ष संपेपर्यंत, मग चौथीतही, मी टाटपट्टीवरच बसले. माझ्या दोन्ही बाजूंना हातभर जागा रिकामी असायची.

आता मी सक्करदऱ्याच्या एका शाळेत तिसरीलाच शिकवते. माझ्या वर्गात चिंचोके आहेत. दाराजवळ कोणी बसत नाही.

परवा मधू घरी आला. बँकेत आहे तो. हातात बाईंच्या सत्काराची पत्रिका. वर ठळक छापलेलं : छडीविना घडवणाऱ्या बाई.

“तू पण दोन शब्द बोल वं. बाईंनीच आपल्याले लक्ष द्यायले शिकवलं ना.”

“तुले कोणं शिकवलं, मधू? चिंचोके आठवते का?”

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. “काहून जुनं काढून राहिली वं? म्हातारी झाली ते आता.”

म्हणजे त्याला आठवत होतं. माझ्या घरचा चहा तो आता पितो. खरं बोलायला मात्र त्याची जीभ उचलत नाही.

पत्रिका मी ठेवून घेतली. मी जाणार आहे. हार नेणार नाही, पाया पडणार नाही. बाई समोर शाल पांघरून बसलेल्या असतील, थकलेल्या, सगळ्यांच्या लाडक्या. त्यांचं वय बघून मी एक शब्दही गाळणार नाही. मधूला रडत उठवलं तिथपासून साहेबांच्या हसण्यापर्यंत सगळं सांगेन, बाईंच्याच शब्दांत. माईक नसला तरी चालेल. माझा आवाज खणखणीत आहे, हे त्याच म्हणाल्या होत्या. लांब बसलेल्यांनाही ऐकू जाईल.