मिशीवाली राणी

"वहिनी, इंगे गेली," एवढंच बोलून अनंतभावजींनी फोन ठेवला, तेव्हा मी येलवालला लेकीकडे होते. म्हैसूरला परतताना बसमध्ये रडायचं सोडून मला हसूच फुटत होतं… शेजारची बाई चमकून बघायला लागली.

इंगे माझी धाकटी जाऊ, जर्मनीची. आमचं घर शिंप्यांचं, विठ्ठलाचं. घरात मराठी, दारात कन्नड. भावजी शिवणयंत्रांचं काम शिकायला तिकडे गेले आणि तिला घेऊन आले. तिच्या वडिलांनी तेव्हापासून बोलणं टाकलं. इथे मात्र ती महिन्याभरात मांडी घालून सारभात ओरपायला लागली आणि मला अक्का म्हणायला लागली.

पहिला दसरा आला. म्हैसुरात घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. सर्वांत वर राजा-राणीची लाकडी जोडी, ती सुनेनं माहेरहून आणायची. येणारी प्रत्येक बाई विचारायची, "धाकटीची जोडी कुठाय?" इंगे हसून वेळ मारून न्यायची आणि मागच्या दारी जाऊन डोळे पुसायची. शेवटी तिनं धीर करून वडिलांना पत्र लिहिलं आणि जोडी मागितली.

पुढच्या दसऱ्याआधी खोकं आलं. आत दोन लाकडी शिपाई, त्यांच्याकडे अक्रोड फोडायला असतात तसले. दोघांनाही झुपकेदार मिशा. इंगे ते उराशी धरून रडली, हसली, पुन्हा रडली. सासूबाईंनी चष्मा लावला.

"अय्यो, दोन्ही राजेच की गं. राणी एल्ली? राणी कुठाय?"

इंगेनं ब्लेड घेतलं, एकाची मिशी खरवडायला. सासूबाईंनी तिचा हात धरला.

"सोड ते. बापानं पाठवलंय. मिशी राहू दे, लुगडं मी नेसवते."

आणि जरीकाठी रेशमाचं नऊवारी नेसून तो शिपाई माझ्या राजा-राणीशेजारी उभा राहिला. बघायला गल्ली लोटली. कुणी हसलं की सासूबाई बजावायच्या, "आमच्या इंगेच्या माहेरची राणी आहे ती." मला थोडा हेवाच वाटला, खोटं कशाला सांगू. पुढे दर दसऱ्याला इंगे त्या राणीला नवं लुगडं नेसवायची.

यंदा घरात सण नाही. तरी घटस्थापनेला मी भावजींकडे गेले, तर ते इंगेची राणी आणि टाचण्या घेऊन बसलेले.

"यंदा मांडायचं नसतं, भावजी."

"मांडत नाही. नुसतं नेसवतोय."

आयुष्यभर कोट शिवलेल्या माणसाला निऱ्या जमत नव्हत्या. मी शेजारी बसून राणीला घट्ट धरलं. त्यांनी पदर घेतला तो नेमका मिशीवर आला… मी तो हलकेच खाली ओढला.