घाटगेबाईंचं मत

आमच्या शेजारच्या घाटगेबाई सुपरहिरोंची कॉमिक्स जेवताना वाचायच्या. डाव्या हातात पुस्तक, उजव्या हातात भाकरी आणि तोंडाने शेरेबाजी. त्यांनी सत्तरी ओलांडली होती. मधेच घास तसाच ठेवून त्या पुस्तकातल्या वीराला झापायच्या, "अरे, खिडकी कशाला फोडतोयस? दार उघडं हाय की मर्दा!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, घरात कुणी खरंच खिडकी फोडतंय.

हे वेड त्यांना शाळेतून लागलं होतं. जयसिंगपूरला त्या मुख्याध्यापिका होत्या. तासाला बाकाखाली कॉमिक वाचणाऱ्या पोरी सापडल्या की पुस्तक जप्त. ते कपाटात जाण्याऐवजी बाईंच्या टेबलावर जायचं आणि शाळा सुटताना मालकिणीला परत मिळायचं, पण मतासकट. "दुसऱ्या गोष्टीतला चोर बावळट हाय. तिसरी झकास. आता गणितं कर जा." पुढे पुढे पोरी बाईंचं मत कळावं म्हणून मुद्दाम सापडायला लागल्या, असं त्या स्वतःच मोठ्या कौतुकाने सांगायच्या. निवृत्त झाल्यावर त्या कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या शेजारी राहायला आल्या आणि माझं नशीब उघडलं.

मी फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात काम करते. दिवसभर वाढदिवसाच्या फलकांवर गॉगलवाली तोंडं चिकटवायची आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःचं कॉमिक काढायचं, असा माझा दिनक्रम. माझ्या नायकाचं नाव तिमिरभेद. काळा झगा, तोंडावर मुखवटा, शहरातल्या गुन्ह्यांचा छडा लावणारा. त्याच्या गोष्टींचा एक संग्रह तयार झाला. मित्रमैत्रिणींना पाठवला तर "कडक", "एक नंबर", "नादखुळा". एवढ्यावर सगळ्यांची मतं संपली. पुण्याच्या एका प्रकाशकाने मात्र प्रामाणिकपणे कळवलं की असे नायक त्यांच्याकडे ढिगाने येतात, यात वेगळं काही नाही. ते वाचून मी हबकले. एवढी वर्षं घातली ती यासाठी? आता चित्रं बंद करायची असं ठरवलं आणि जाता जाता एक प्रत बाईंना दिली.

दोन दिवसांनी गॅलरीतून हाक आली, "मने, ये. मत घेऊन जा."

बाईंनी गल्लीच्या चित्राचं पान उघडून ठेवलं होतं. "तुझा ह्यो तिमिरभेद कुठल्या गावचा?"

"कोल्हापूरचाच की बाई. ते बघा, मागे रंकाळा काढलाय."

"रंकाळा हाय, माणसं न्हाईत. ही कट्ट्यावरची मंडळी गप का बसल्यात? तोंड झाकलेला माणूस आपल्या गल्लीत शिरला तर पयला काय इचारत्यात?"

बाई उठून गॅलरीत गेल्या आणि मुख्याध्यापिकेच्या खणखणीत आवाजात ओरडल्या, "ओ पावणं! कुणाकडं आलायसा?"

खाली कुणीतरी अनोळखी गृहस्थ स्कूटर लावत होते. ते दचकून वर बघत म्हणाले, "जाधवांच्यात!"

"बघितलंस?" बाई म्हणाल्या.

मला हसू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, "बाई, ही गुन्ह्याची गंभीर गोष्ट आहे. असं विचारलं तर नायकाचं हसं होईल."

"हू दे की. मी सांगतो तुला, चोर पोलिसाला भीत न्हाय एवढा ह्या प्रश्नाला भितोय." कोल्हापुरी बायकांसारख्या बाई रंगात आल्या की "सांगतो", "जातो" असंच बोलायच्या. "आणि सोडायचं असलं तर सोड. पण आधी चांगलं काढ आणि मग सोड."

ते मला लागलं. मी सगळा संग्रह पुन्हा काढायला घेतला. आता तिमिरभेदला गल्लीत शिरताना आधी उत्तर द्यावं लागायचं आणि मुखवटा वर सरकवून चहाही घ्यावा लागायचा. प्रत्येक पान बाईंकडे जायचं आणि "न्हाई पटलं" म्हणून परत यायचं. कधी कधी मला रडू यायचं. पण माझं काम इतकं मन लावून आजवर कुणी वाचलं नव्हतं, हेही तेव्हाच कळत होतं. शेवटची गोष्ट मात्र मी त्यांना दाखवली नाही. ती पुस्तकातच वाचा म्हटलं.

दुसऱ्या एका प्रकाशकाने संग्रह घेतला. पुस्तक हातात आलं तेव्हा बाई दवाखान्यात होत्या. मी धावत गेले. उशीला टेकून त्या शेवटची गोष्ट वाचत होत्या आणि मी दहावीच्या निकालाला थांबावं तशी स्टुलावर बसले होते. त्या गोष्टीत चोराला कट्ट्यावरची माणसं तोच प्रश्न विचारतात. तो घाबरून सुचेल त्या घराचं नाव ठोकून देतो. मग अख्खी गल्ली पाहुण्याला आदराने हाताला धरून त्याच घरी पोचवायला निघते, आणि ते नेमकं त्याने आदल्या दिवशी फोडलेलं घर असतं.

बाई पोट धरून हसल्या. खोकला आला, नर्स रागावली. मग पुस्तक मिटून म्हणाल्या, "पटलं."

मी तिथेच रडले. बाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "पण मने, त्या चोर पोराला धरून नेलं, ते त्याच्या आईला कुणी जाऊन सांगितलं?"

त्याच आठवड्यात बाई गेल्या.

त्यानंतर वाचकांची पुष्कळ मतं आली. कुणाला मारामारी कमी वाटली, कुणाला झग्याचा रंग आवडला नाही, कुणी हसता हसता घाबरलो म्हणून कळवलं. मी सगळी वाचली. माझं काम मत देण्याच्या लायकीचं बाईंनी केलं, नाहीतर मी आज फक्त फलकच करत बसले असते. हे उपकार मी कुणापुढेही मान्य करीन.

त्या आईबद्दल मात्र एकाही वाचकाने विचारलं नाही. दुसऱ्या संग्रहाचं काम सुरू केलंय. पहिल्याच चित्रात तिमिरभेद मुखवटा काढून हातात धरून तिच्या दाराशी उभा आहे, आणि कसं सांगावं ते त्याला सुचत नाहीये.